चेंडूखालचा खडा

आमच्या शिरूरला आषाढात पाऊस कमी आणि वारा जास्त. सह्याद्रीकडून निघालेले ढग डोक्यावरून जातात, पण थांबा नसलेल्या एस.टी.सारखे थेट पुढं निघून जातात. खाली उरतो तो पश्चिमेचा वारा. दिवसभर पत्रे वाजतात, दोरीवरचे कपडे एकाच बाजूला आडवे होतात, घोडनदीच्या पुलावरचे सायकलवाले तिरके होऊन पायडल मारतात. शेतकरी या दिवसांत वर बघतो. मी खाली, स्वतःच्या पायांकडं बघतो. हा वारा सुटला की माझे पाय ठिकाणावर राहत नाहीत. पाटावर बसलो तरी उजवा पाय हलत असतो. "सुरू झालं तुमचं," असं बायको म्हणते आणि ताट थोडं लांब सरकवते.

यंदा त्यातच घराचं काम निघालं. मागच्या अंगाला एक खोली वाढवली. गवंडी फरशी बसवून गेला आणि मी लेव्हल बघायची पाण्याची नळी घेऊन खोलीत शिरलो. पाटबंधारे खात्यात नोकरी करणारा माणूस आहे मी. पाणी कुणीकडं वळेल हे बघितल्याशिवाय कुठल्याही जमिनीवर माझा विश्वास बसत नाही. चारही कोपरे तपासले, बरोबर आले. तरी जिवाला स्वस्थता नाही म्हणून मुलीचा जुना रबरी चेंडू आणला आणि खोलीच्या मधोमध ठेवला. चेंडू जागचा हलला नाही. खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण मी तसाच ओणवा होतो आणि माझा डावा हात फरशीवर काहीतरी चाचपत होता. काय शोधतोय ते जरा वेळानं कळलं. हात खडा शोधत होता.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी आमच्या कॉलेजात फुटबॉलचा संघ होता, हे आज सांगितलं तर शिरूरमधलेच लोक हसतात. तेव्हाही हसायचे. आमच्या भागात खेळ म्हणजे कबड्डी आणि कुस्ती. पण अर्थशास्त्र शिकवणारे शितोळे सर पुण्यात शिकताना फुटबॉल खेळले होते आणि त्यांनी आम्हाला अर्थशास्त्राच्याच पद्धतीनं पटवलं. "कबड्डीला उतरलात तर गावोगावचे पैलवान समोर येतील. फुटबॉल खेळणारी कॉलेजं आपल्या गटात किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. दोन सामने जिंकले की थेट फायनल." मला हा हिशेब एकदम पटला. मी गणिताचा विद्यार्थी, वर्गातली पोरं मला हिशेब्या म्हणायची. दोन सामने जिंकण्यासाठी आधी खेळ यावा लागतो, ही बाब त्या हिशेबात धरलेली नव्हती.

मैदान कॉलेजच्या मागं होतं. वरच्या अंगाला नगरकडं जाणारा रस्ता, खालच्या अंगाला बाभळी आणि त्यापलीकडं नदी. उतार रस्त्याकडून नदीकडं, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडं. पुढं मी तो नळी लावून मोजला. एकशे ऐंशी फूट रुंदीत साडेचार फूट निघाला. म्हणजे एका कडेला उभा राहिलेला माणूस दुसऱ्या कडेच्या माणसापेक्षा जवळजवळ छातीभर उंच. गोल मात्र उत्तरेला आणि दक्षिणेला होते, त्यामुळे उतार मैदानाच्या आडवा पडायचा. सरळ मारलेला चेंडू निम्म्या वाटेत नदीकडं वळायचा आणि बाभळीच्या काट्यांत शिरायचा. मग ज्यानं मारला त्यानं तो काढायचा, ब्लॅडरला भोक पडलं असेल तर सायकलच्या दुकानात नेऊन पंक्चर काढायचं आणि उरलेल्यांच्या शिव्या खायच्या.

म्हणून आम्ही सरळ मारतच नव्हतो. जिथं चेंडू जायला हवा त्याच्या थोडं वर, रस्त्याच्या अंगाला मारायचा. उतार त्याला बरोबर जागेवर आणून सोडायचा. हे कुणी कुणाला शिकवलं नाही. मैदानावर एकच आरोळी असायची, "वर धर! वर!" नवा पोरगा आला की आठवडाभर चेंडू काट्यांतून काढायचा आणि मग त्याचा पाय आपोआप वर धरायला लागायचा. आम्ही संध्याकाळीच खेळायचो. सूर्य तेव्हा रस्त्याच्या बाजूला कललेला असायचा. वर म्हणजे रस्त्याकडं, वर म्हणजे सूर्याकडं. आणखी एक रीत होती. चेंडू मधल्या ठिपक्यावर ठेवला की तो पाय लागण्याआधीच नदीकडं चालू लागायचा. म्हणून त्याच्या खाली, नदीच्या अंगाला, एक खडा लावायचा. बैलगाडी उभी केली की चाकाला दगड लावतात तसा. फुटबॉल असाच खेळतात, अशी आमची समजूत होती.

आमचा मधला गडी सुदाम ओव्हाळ. मार्केट यार्डात त्याचे वडील पोती वाहायचे. घरच्या अडचणींमुळं मधे शाळा सुटली होती, दुष्काळात तो रस्त्याच्या कामावर खडी फोडत होता. त्यामुळं आमच्या वर्गात असला तरी वयानं आमच्यापेक्षा मोठा. बोलायचा कमी, पण मैदानावर त्याच्या पायात चेंडू आला की आम्ही बाकीचे पळायचं थांबून बघत राहायचो. त्या जूनमध्ये तो दौंडला मामाकडं जाऊन आला आणि त्याचं चित्त उडालं. मामा रेल्वेच्या लोको शेडमध्ये होता. एकदा सराव झाल्यावर बाभळीखाली बूट काढता काढता सुदामनं मला सांगितलं.

"मामा म्हणतोय, रेल्वेत खेळाडू घेत्यात. साहेब सोता बघून घेतो. कॉलनीच्या टीमसंगं एक मॅच खेळा म्हणला, साहेबाला मी बशिवतो खुर्चीवर."

"मग चांगलंच की."

"चांगलं हाय. पर वयाची अट हाय. पुढल्या साली मी बसत न्हाई त्यात." त्यानं बुटातली माती झटकली. "यंदा न्हाई झालं तर मग न्हाईच."

हे ऐकल्यापासून तो आषाढ आमच्या सगळ्यांच्या अंगात शिरला. परीक्षा नव्हती, पाऊस नव्हता, नुसतं वारं आणि दौंडची मॅच. आम्ही नदीच्या वाळूत पळायचो, खिशात शेंगदाणे आणि गूळ. संघात बुटांचे जोड माणसांपेक्षा कमी. बाळू आणि गोलकीपर यांनी एक जोड वाटून घेतला होता. बाळू डाव्या पायाचा, म्हणून डावा बूट त्याला. दुसऱ्या पायात कॅनव्हासचा. बाळू हा कांद्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा, त्याला दहा बूट घेता आले असते. पण फुटबॉलसाठी पैसे मागितले तर बाप दुकानावर बसवील, ही त्याला भीती.

दौंडला आम्ही न्हावऱ्यावरून एस.टी.नं गेलो. रेल्वे कॉलनीत पाय ठेवला आणि मला वाटलं, आपण दुसऱ्याच देशात आलो. एकसारखी घरं, चुन्यानं रंगवलेले दगड, इंजिनांच्या शिट्ट्या, वाऱ्याबरोबर येणारा कोळशाचा वास. दोरीवरच्या पांढऱ्या चादरीवरसुद्धा काळे बारीक कण. सुदामच्या मामीनं क्वार्टरच्या ओट्यावर आमच्यासाठी भाकरी आणि वांग्याचं कालवण केलं होतं. आम्ही दारात घुटमळलो. ते दिवस तसे होते. आमच्यातल्या काहींनी तोवर सुदामच्या घरचं पाणीही घेतलेलं नव्हतं. शितोळे सर पहिले बसले. त्यांच्यामागं आम्ही. बाळू उभाच.

"मला भूक न्हाई मामी."

"भूक न्हाई कशी? खेळायचं हाय ना?"

"शिरूरवरनं खाऊन निघालोय."

"ते न्हावऱ्यापत्तुर जिरलं आसंल," मामी म्हणाली. तिनं ताट भरून त्याच्या हातात दिलं आणि आत निघून गेली. बाळूनं एकदा आमच्याकडं बघितलं, मग खाली बसून भाकरी मोडली. पुन्हा कालवण मागणारा तोच होता.

कॉलनीचं मैदान काळं होतं. वर्षानुवर्षं इंजिनांची राख टाकून दाबलेलं. इतकं सपाट की त्यावर पाणी ओतलं असतं तर ते कुणीकडं जावं या विचारात पडलं असतं. हे मी आज म्हणतो. त्या दिवशी आम्हाला फक्त इतकं वाटलं, की व्वा, काय मैदान आहे! पूर्वेच्या कडेला कडुलिंबाखाली खुर्ची मांडली होती, तिच्यावर साहेब. जाड फ्रेमचा चष्मा, हातात छत्री. सुदामनं एकदाच तिकडं बघितलं.

मॅच सुरू झाली आणि आमचे पाय दुसऱ्याचेच असल्यासारखे वागू लागले. पहिल्या हाफला आम्ही उत्तरेकडं खेळत होतो, पश्चिम डाव्या हाताला. मी बाळूला पास दिला, तो डावीकडून बाहेर. बाळूनं सुदामला दिला, तो डावीकडून बाहेर. सुदामनं गोलसमोरून मारला, तो डाव्या खांबाच्या हातभर बाहेरून गेला. आमचा गोलकीपर मागून जीव तोडून ओरडत होता, "वर धरा रे! वर!" आणि आम्ही ते ऐकून आणखी वर धरत होतो. कॉलनीची पोरं आधी चकित झाली, मग हसायला लागली.

"अरे, ये लोग सूरज को पास दे रहे हैं क्या?"

"सूरज ऑफसाइड है भाई, छोड़ दो!"

त्यांनी दोन गोल केले. दुसऱ्या गोलनंतर सुदामनं चेंडू मधल्या ठिपक्यावर ठेवला, इकडंतिकडं बघितलं, एक खडा उचलला आणि चेंडूखाली लावला. कॉलनीचा एकजण समोर येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "ये क्या टोटका है?" त्यानं बुटाच्या टोकानं खडा उडवला.

चेंडू हलला नाही.

मी मागून बघत होतो. खडा गेला तरी चेंडू होता तिथंच.  मध्यंतराची शिट्टी होईपर्यंत माझा खेळात जीव नव्हता. लिंबाच्या मिठातल्या फोडी वाटल्या जात असताना मी सगळ्यांना गोळा करून सांगितलं. इथं जमीन सपाट आहे. आपण वर धरतो ते उतारासाठी. इथं उतारच नाही, म्हणून चेंडू वर धरला तिथंच जातो.

"मग सरळ मारा," शितोळे सर म्हणाले.

"सर, सरळच मारतोय," बाळू कळवळून म्हणाला. "पायाला सरळ म्हंजी त्येच वाटतंय."

 सुदाम लिंबाची साल चावत कडुलिंबाकडं बघत होता. खुर्ची रिकामी होती. साहेब उठून गेला होता. आम्हा सगळ्यांना ते दिसलं. मग सुदामनं माझ्याकडं तोंड केलं.

"हिशेब्या, आता आपण कुणीकडं खेळणार?"

"दक्षिणेकडं."

"मंजी सूर्य उजव्या हाताला."

"हो."

"मग माझा चेंडू उजवीकडंच जाणार. सरळ मार म्हणलं तरी."

"जाणार."

"मग मी डाव्या कडंला जातो," तो म्हणाला. "बाळ्या, तू मधी ये."

मला कळायला वेळ लागला. डाव्या कडेवर उभं राहिलं की उजवीकडं म्हणजे आत. उजवीकडं म्हणजे गोल. पायाची खोड त्यानं मोडली नाही, तिला जागा बदलून दिली. दुसऱ्या हाफला डाव्या कडेनं त्यानं मारलेला प्रत्येक चेंडू आत येत होता, कॉलनीच्या बॅकच्या अंदाजाच्या किंचित आत. कॉलनीचं हसणं थांबलं. एक चेंडू त्यानं खूप लांबून मारला. तो बाहेर जाणार म्हणून त्यांचा गोलकीपर जागेवर उभा राहिला आणि चेंडू खांबाच्या आतून गेला. आम्ही मॅच दोन-एकनं हरलो. पण तो गोल सुदामनं रिकाम्या खुर्चीसमोर केला होता, हे माझ्या मनातून जात नव्हतं.

खेळ संपला तेव्हा साहेब दक्षिणेच्या गोलमागून छत्री टेकत येताना दिसला. ऊन डोळ्यांवर यायला लागलं म्हणून तो तिकडं बघ्यांच्या गर्दीत जाऊन उभा राहिला होता. त्यानं सगळं बघितलं होतं. सुदामसमोर तो थांबला.

"दूसरे हाफ में ठीक खेले. पहले में क्या हुआ था?"

"साहेब, आमचं मैदान तिरपं हाय."

साहेबानं मामाकडं बघितलं. मामानं हिंदीत सांगितलं. साहेब हसला, वाईट हेतूनं नव्हे, पण ऐकून ऐकून कंटाळलेल्या माणसासारखा. "हारनेवाला हमेशा मैदान की शिकायत करता है."

"शिकायत न्हाई साहेब. खरंच तिरपं हाय."

"अच्छा? देखेंगे. रांजणगाव के गणपति जाना है हमें, घर से बहुत दिनों से कह रहे हैं. उधर से आएँगे तुम्हारा मैदान देखने." आणि छत्री टेकत निघून गेला. कधी येणार ते सांगितलं नाही.

 दुसऱ्या दिवशी कॉलेजवर येताच शितोळे सर प्राचार्यांकडं गेले. गटाचे सामने पुण्यात होणार होते, पुण्याची मैदानं सपाट. सवय मोडायची तर मैदान सपाट करायलाच हवं. आमच्या संस्थेचे एक सभासद, गावात त्यांना सगळे आप्पा म्हणत. त्यांचा ट्रॅक्टर पाऊस नसल्यामुळं दारात उभा होता. आप्पा तयार झाले. "न्या. पर पाऊस पडला की मला पेरणीला लागंल. मग एक दीस मिळणार न्हाई." ट्रॅक्टरला माती ओढायची फळी जोडून तो मैदानाच्या उत्तरेच्या टोकाला आणून उभा केला.

एवढी चांगली बातमी, आणि संघातल्या कुणाच्या तोंडावर हसू नाही. मैदान सपाट झालं तर साहेबाला काय दाखवायचं? तो येईल, सपाट जमीन बघेल, पोरगा खोटं बोलला म्हणेल आणि रांजणगावच्या प्रसादाचे पेढे खात परत जाईल. आणि मैदान तसंच ठेवलं तर? आम्ही पुण्यात जाऊन पुन्हा सूर्याला पास देणार. वर्षभराची मेहनत पहिल्याच सामन्यात काट्यांत जाणार.

त्या दिवसांत मी पहिल्यांदा शेतकऱ्यासारखं वर बघितलं. पाऊस आला असता तर ट्रॅक्टर गेला असता आणि प्रश्न आपोआप मिटला असता, निदान आमच्या हातात राहिला नसता. ढग येत होते. दुपारी काळोखी यायची, वारा पडायचा, वाटायचं आता येतोच. मग पुन्हा वारा सुटायचा आणि सगळं नगरकडं निघून जायचं. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर आम्ही चहाला नेला की जायचा, पान दिलं की पान लावत बसायचा. एका सकाळी बाळूनं त्याला त्याच्या लग्नाची सगळी हकिकत विचारली. पण चहा-पानावर असं किती दिवस चालणार? शितोळे सरांना कळलं. त्यांनी आम्हाला मैदानावर उभं केलं.

"काय चाललंय तुमचं? जिंकायचंय का नाही?"

 सुदाम पुढं झाला. "सर, करा सपाट. माझ्यापायी टीमचं वाटोळं नको. साहेब काय, येतोय का न्हाई कुणाला ठावं."

सर म्हणाले, "तुला ठाऊक आहे ना, तू काय म्हणतोयस ते?"

"व्हय सर."

मी त्याच्याकडं बघितलं. तो मैदानाकडं बघत होता, वडिलांच्या पाठीवरच्या पोत्याकडं बघावं तसा. तेव्हा बाळू मागून बोलला. चेष्टेतच बोलायची त्याची सवय, पण त्या दिवशी आवाज निराळा होता.

"सर, आर्धंच करा की."

"अर्धं काय?"

"मैदान. उत्तरंकडचं आर्धं सपाट करा, सरावाला. दक्षिणंकडचं ऱ्हाऊ द्या साहेबासाठी. तसाबी ट्रॅक्टर कवा जाईल नेम न्हाई."

सगळे हसले. सर हसले नाहीत. ते मधल्या ठिपक्यापर्यंत चालत गेले आणि माझ्याकडं वळले. "हिशेब्या, मधे पायरी किती पडेल?" दौंडहून आल्यावर मी नळी लावून उतार मोजला होता. मधल्या ठिपक्यावर काहीच नाही, दोन्ही कडांना सव्वादोन फूट, एका बाजूला खाली, एका बाजूला वर. पण ती माती पसरून उतरती करता येईल, असं मी सांगितलं. सरांनी मान हलवली.

अशा तऱ्हेनं जगात दुसरीकडं कुठं नसेल असं एक मैदान शिरूरला तयार झालं. अर्धं सपाट, अर्धं तिरपं. सपाट अर्ध्यात पाय हळूहळू सरळ व्हायला लागले की आम्ही चेंडूमागून तिरप्या अर्ध्यात शिरायचो आणि पाय पुन्हा जुन्या वळणावर. मधली रेघ ओलांडताना डोकं गरगरायचं. तोंडच्या आरोळ्यासुद्धा दोन झाल्या, "वर धर!" आणि "सरळ!" गडबडीत कोण कुठली देईल त्याचा भरवसा नाही.

साहेब यायचा नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. एका संध्याकाळी सराव चालू असताना रस्त्यावरून एक जीप वळून आत आली. मागं बाईसाहेब, कपाळाला रांजणगावचा शेंदूर. साहेब उतरला, त्याच छत्रीनं. मैदान बघून जागच्या जागी थांबला.

"ये क्या बनाया है?"

शितोळे सर सांगायला पुढं झाले, पण साहेब सरळ तिरप्या अर्ध्यात चालत गेला. त्यानं चेंडू मागितला, खाली ठेवला, हात काढला. चेंडू निघाला. आधी सावकाश, मग जोरात, थेट बाभळीच्या काट्यांत. साहेब त्याच्याकडं बघत राहिला. बाळू चेंडू काढून घेऊन आला. साहेबानं पुन्हा ठेवला, खाली वाकला, एक खडा शोधला आणि चेंडूखाली नदीच्या बाजूनं लावला. चेंडू थांबला.

"इसलिए," तो म्हणाला, स्वतःशीच.

मग त्यानं गोलच्या खांबाशेजारी दोन विटा उभ्या करायला लावल्या आणि सुदामला म्हणाला, मार. तिरप्या जमिनीवरून सुदामचा चेंडू वर गेला, वळला आणि दोन विटांच्या मधून निघाला. दुसराही. तिसराही. मग सपाट अर्ध्यात तसंच. तिथं पहिला चेंडू विटांच्या पश्चिमेला गेला. सुदामनं ओठ चावला. दुसरा जरा जवळून. तिसरा विटेला लागला. जीपमधून बाईसाहेबांनी हाक मारली, "अजी, अंधेरा हो जाएगा, चलिए!" साहेबानं छत्री वर करून थांब म्हटलं.

"और एक."

सुदाम मागं गेला. वारा डावीकडून येत होता. तो पळत आला आणि मारला. चेंडू विटांच्या मधून गेला, आतल्या बाजूची वीट किंचित हलवून.

साहेब म्हणाला, "रेल्वे का मैदान सपाट है. ये आदत छोड़नी पड़ेगी."

"हळूहळू सुटंल साहेब."

"मंगल को दौंड आओ. जन्म का दाखला लेकर." जीपमध्ये बसताना त्यानं पुन्हा एकदा मैदानाकडं बघितलं आणि मान हलवली. "आधा सपाट!" जीप गेली.  आम्ही सगळे सुदामच्या भोवती गोळा झालो. बाळूनं त्याच्या पाठीत एक गुद्दा मारला. "आता तरी बूट घे की लेका. पगार होईल."

पुण्याच्या सामन्याचं सांगून टाकतो, कारण लपवायचं काही कारण नाही. आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो. सुदाम दौंडला हजर झाला होता, आणि आमच्या पायांना एका अर्ध्याची सवय लागली नव्हती, दुसऱ्या अर्ध्याची सुटली नव्हती. सरांचा हिशेब कागदावर बरोबर होता. परतताना सर एवढंच म्हणाले, "पूर्ण सपाट केलं असतं तर कदाचित जिंकलो असतो." थोड्या वेळानं म्हणाले, "कदाचित." नंतर तो विषय त्यांनी काढला नाही. पाऊस त्या वर्षी उशिरा आला आणि उरलेला अर्धा भाग तसाच राहिला. आता तिथं इमारत आहे.

मी पुढं कितीतरी जमिनी मोजल्या. पाटांना किती उतार द्यायचा, किती पाणी जाईल, सगळं आकड्यांत मांडलं. पण या वाऱ्यात अजूनही मला घरात बसवत नाही. काहीतरी सुरू व्हायचं आहे आणि आपण तयार नाही, असं वाटत राहतं. पन्नाशी जवळ आली, मुलगी कॉलेजात आहे, आता काय सुरू व्हायचं राहिलं आहे? हे मला सांगता येत नाही. पायांना विचारलं तर ते नुसते हलतात.

सुदाम परवा आला होता. मालगाडीचा गार्ड आहे तो आता. खोली बघायला मुद्दाम दौंडहून आला. खिडकीला अजून झडपा नाहीत, वारा सरळ आत येत होता. मी त्याला नळी, कोपरे, सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. चेंडू मधोमध तसाच पडलेला होता. सुदाम खाली वाकला. कोपऱ्यात वाळलेल्या सिमेंटचा एक खडा होता, तो त्यानं उचलला आणि चेंडूखाली लावला. नदीच्या बाजूनं.

"अरे, लेव्हल आहे."

"असू दे," तो म्हणाला. मग सरळ उभा राहून त्यानं पायानं हलकेच चेंडू समोरच्या दाराकडं मारला. चेंडू पश्चिमेच्या भिंतीला लागला आणि माझ्याकडं आला. मी दारातूनच बाहेर काढायचा म्हणून मारला. तोही पश्चिमेच्या भिंतीला. सुदाम माझ्याकडं बघायला लागला. मग त्यानं मारला, मग मी. दार काही सापडेना.

स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. "काय हो, फरशी चुकली का गवंड्याची?"

"न्हाई वहिनी," सुदाम म्हणाला. चेंडू त्याच्या बुटाखाली होता. "फरशी सरळ हाय. आमीच तिरपं हावोत."